तीन जिल्हे की सगळं जग?

जेम्स वॅट म्हटलं की पहिल्यांदा आठवते ती किटली! आमच्या कॉन्व्हेंटच्या रीडरमध्ये तो धडा होता. बाजूला चित्र होतं, शेगडीवर किटली, उडणारं झाकण आणि त्याच्याकडे टक लावून बघणारा एक गोंडस मुलगा. पुढे इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं की वाफेचं इंजिन वॅटच्या जन्माच्याही आधी, १७१२ साली, न्यूकमेन नावाच्या माणसाने चालू केलं होतं. म्हणजे किटलीची गोष्ट गेली बोंबलत! उरला तो फक्त टी.ओ.एम.मधला वॅट गव्हर्नर, आणि त्याच्या न्यूमेरिकलमध्ये गेलेले आपले मार्क.

मग आज अचानक वॅटवर लेख कशाला? तर त्याचं कारण आमचा प्रोजेक्ट. एम.आय.डी.सी.मधल्या एका छोट्या वर्कशॉपच्या मालकांनी आम्हाला स्पॉन्सरशिप द्यायचं कबूल केलं. आठ हजार रुपये देतो, मशीन तयार झालं की ते माझं, असं त्यांनी सांगितलं. आम्ही चौघं बाहेर पॅसेजमध्ये गेलो, दोन मिनिटं कुजबुजलो आणि आत येऊन हो सर म्हणून टाकलं. शेवटी खर्च झाला साडेअकरा हजार. वरचे पैसे घरून आणले, आणि बाबांची बोलणी खाल्ली ती वेगळीच. मशीन द्यायला गेलो तेव्हा ते काका हसून म्हणाले की तुम्ही काहीतरी उलट बोलाल म्हणून मी वाट बघत होतो, तुम्ही बोललाच नाहीत!

हे उलट बोलणं म्हणजेच काउंटर ऑफर. समोरच्याने प्रस्ताव ठेवला की त्याला हो किंवा नाही म्हणायचं, एवढंच आपल्याला माहीत असतं. तिसरा मार्ग म्हणजे आपण आपला प्रस्ताव ठेवायचा. लायब्ररीत वॅटचं चरित्र हाती लागलं ते याच दिवसांत, आणि वाचताना लक्षात आलं की या माणसाचं अख्खं आयुष्य अशा काउंटर ऑफरींवर उभं आहे. गंमत म्हणजे त्यातल्या बहुतेक त्याने स्वतः दिलेल्याच नाहीत!

जेम्स वॅटचा जन्म जानेवारी १७३६ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक या बंदराच्या गावी झाला. वडील जहाजांच्या धंद्यात होते. पोरगा तब्येतीने किरकोळ, सतत डोकं दुखायचं, पण हात विलक्षण चालायचा. वडिलांच्या वर्कशॉपमध्ये बसून तो बारीकसारीक मॉडेल्स बनवत असे. आई गेली, वडिलांच्या धंद्याला उतरती कळा लागली, तेव्हा गणिती उपकरणं बनवण्याची विद्या शिकायची असं ठरवून १७५५ साली तो लंडनला पोचला.

तिथे पहिलीच अडचण आली. रीतसर शिकायचं तर सात वर्षं उमेदवारी करायला हवी. सात वर्षं थांबायला ना पैसा ना वेळ. शेवटी जॉन मॉर्गन नावाच्या कारागिराशी बोलणं जमलं. सात वर्षांऐवजी एकच वर्ष, त्याबद्दल वॅटने वीस गिनी द्यायच्या आणि वर्षभर फुकट काम करायचं. मालकाला फुकट हात मिळाला आणि पैसेही मिळाले, वॅटची सहा वर्षं वाचली. बघा, इथे कोणी नुसती रक्कम कमी-जास्त केलेली नाही. सौद्याचा आकारच बदलला. पुढची सगळी गोष्ट याच मुद्द्याभोवती फिरते, म्हणून हे लक्षात ठेवा.

परत आल्यावर १७५७ साली ग्लासगो विद्यापीठाने त्याला आवारातच दुकानाला जागा दिली. जोसेफ ब्लॅकसारखे प्रोफेसर त्याचे मित्र झाले. १७६३-६४ च्या सुमारास विद्यापीठातलं न्यूकमेन इंजिनाचं एक मॉडेल दुरुस्तीला त्याच्याकडे आलं. मॉडेल दुरुस्त झालं, पण चार-सहा फटके मारून बंद पडायचं. या इंजिनात सिलिंडरमध्ये वाफ भरायची, मग त्याच सिलिंडरमध्ये थंड पाणी सोडून वाफेचं पाणी करायचं. आत पोकळी झाली की बाहेरची हवा पिस्टन खाली दाबते. पण दर फटक्याला सिलिंडर गार होतो आणि पुन्हा तापवावा लागतो, त्यातच बरीचशी वाफ खर्ची पडते. १७६५ साली एका रविवारी ग्लासगोच्या मैदानात फिरताना वॅटला सुचलं की वाफ गार करायची जागाच वेगळी ठेवली तर? सिलिंडर कायम गरम, कंडेन्सर कायम गार. झालं! आपण थर्मलमध्ये जे दोन ओळींत लिहितो ते एवढंच.

पण डोक्यातलं इंजिन आणि चालणारं इंजिन यात किती अंतर असतं हे प्रोजेक्ट केलेल्या कोणालाही विचारा. लग्न झालेलं, कर्ज वाढत चाललेलं. अशा वेळी जॉन रोबक हा उद्योगपती पुढे आला. कॅरनचा लोखंडाचा कारखाना काढणाऱ्यांपैकी हा एक. त्याने कोळशाच्या खाणी भाड्याने घेतल्या होत्या आणि त्यांत पाणी भरत होतं, त्यामुळे चांगलं इंजिन त्याला हवंच होतं. त्याने प्रस्ताव ठेवला की तुझं एक हजार पौंडांचं कर्ज मी फेडतो, पेटंटचा खर्च मी करतो, बदल्यात शोधाचा दोन तृतीयांश हिस्सा माझा. वॅट हो म्हणाला. काहीही उलट न बोलता! हे वाचताना मला आमचा तो पॅसेज आठवला. अर्थात त्याला दोष देता येत नाही. रोबक नसता तर जानेवारी १७६९ चं पेटंट झालंच नसतं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, तसंच थोडंसं.

आता गोष्टीत येतो मॅथ्यू बोल्टन. बर्मिंगहॅमजवळ सोहो इथे त्याचा मोठा कारखाना होता. बटणं, बकलं, चांदीची भांडी असला माल तिथे तयार व्हायचा. कारखाना पाणचक्कीवर चाले, पण उन्हाळ्यात ओढ्याचं पाणी आटलं की घोडे जुंपावे लागत. म्हणजे इंजिनाची गरज त्यालाही होती. १७६८ मध्ये वॅट त्याला भेटला आणि दोघांचं चांगलंच जमलं. मग रोबककडून बोल्टनला प्रस्ताव गेला की वॉरिक, स्टॅफर्ड आणि डर्बी या तीन काउंटींमध्ये इंजिनं बनवण्याचा परवाना घ्या. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा.

बोल्टनने काय करावं? बाजारात गेल्यासारखी घासाघीस केली असती तर तीनाचे चार जिल्हे मागितले असते, नाहीतर परवान्याची फी कमी करून घेतली असती. त्याने यातलं काहीच केलं नाही. फेब्रुवारी १७६९ मध्ये त्याने वॅटला पत्र लिहून कळवलं की फक्त तीन जिल्ह्यांसाठी इंजिनं बनवणं मला परवडणार नाही, सगळ्या जगासाठी बनवणं मात्र नक्की परवडेल. सोहोजवळ कालव्याच्या काठी स्वतंत्र कारखाना काढू, तिथे चांगली हत्यारं आणि शिकवून तयार केलेले कामगार ठेवू, सगळ्या आकारांची इंजिनं करू, म्हणजे काम वीस टक्के स्वस्त पडेल. आणि कामाच्या अचूकपणात फरक पडेल तो गावातला लोहार आणि उपकरणं करणारा कारागीर यांच्यातल्या फरकाइतका.

माझ्या मते ही इंजिनिअरिंगच्या इतिहासातली सगळ्यात भारी काउंटर ऑफर आहे. कारण तिच्यात आकडा नाही, तर समोरच्याची खरी अडचण ओळखली आहे. वॅटची अडचण परवाने विकण्याची नव्हतीच मुळी. त्याला अचूक सिलिंडर करून देणारं कोणी मिळत नव्हतं, ही त्याची अडचण होती.

पण थांबा, काउंटर ऑफरला किंमत असते. हे मला माझ्या लॉ करणाऱ्या मावसबहिणीने समजावलं. इंग्लंडमध्ये १८४० साली हाइड विरुद्ध रेंच असा एक खटला झाला. रेंचने आपली शेतजमीन एक हजार पौंडांना देऊ केली. हाइडने साडेनऊशे सांगितले. रेंच नाही म्हणाला. मग हाइड म्हणाला की बरं, हजारच देतो. कोर्टाने निकाल दिला की करार झालेलाच नाही, कारण साडेनऊशे म्हटल्याक्षणी हजाराचा मूळ प्रस्ताव संपला. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचं ७ वं कलमही स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त असला पाहिजे असंच सांगतं. म्हणजे काउंटर ऑफर देणं हे पुलावरून पुढे जाऊन मागचा पूल काढून टाकण्यासारखं आहे. परत त्याच जागी यायचं तर समोरच्याच्या मर्जीवर.

बोल्टनच्या बाबतीतही तेच झालं. रोबकला एवढा मोठा हिस्सा सोडायचा नव्हता. बोलणी लांबली आणि हाती काहीच लागलं नाही. पुढची चार वर्षं वॅटच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट. इंजिनाचं काम रखडलं, सिलिंडर गळका, पिस्टनभोवतीची वाफ काही थांबेना. पोटासाठी तो कालव्यांची सर्व्हे करत रानोमाळ हिंडत होता. १७७३ च्या सप्टेंबरमध्ये तो स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात अशाच कामावर असताना घरी बायको मार्गारेट बाळंतपणात गेली. तो परत पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. जगासाठी इंजिनं वगैरे ठीक आहे, पण या चार वर्षांचं बिल कोणी भरलं हे विसरून चालणार नाही.

त्याच वर्षी रोबकचं दिवाळं निघालं. त्याच्या देणेकऱ्यांच्या लेखी वॅटच्या इंजिनाची किंमत शून्य होती! रोबककडून बोल्टनचे सुमारे बाराशे पौंड येणं होतं. बोल्टनने पैसे मागितलेच नाहीत. त्याऐवजी तो इंजिनातला दोन तृतीयांश हिस्सा मला द्या असं तो म्हणाला. इतरांना वाटलं असेल की बरा सापडला! १७७४ मध्ये वॅट मुलांना घेऊन बर्मिंगहॅमला आला आणि बंद पडलेलं इंजिन सोहोला पुन्हा उभं राहिलं. जॉन विल्किन्सनने त्याच वर्षी तोफा कोरण्याच्या मशीनचं पेटंट घेतलं होतं. त्याच पद्धतीने सिलिंडर कोरून आले आणि गळती थांबली. बोल्टनने पाच वर्षांपूर्वी लिहिलेला लोहार आणि कारागीर यांच्यातला फरक तो हाच.

१७७५ साली आणखी एक प्रसंग आला. रशियाच्या सरकारने वॅटला वर्षाला एक हजार पौंडांची नोकरी देऊ केली. त्या काळी ही रक्कम डोळे फिरवणारी होती. आजच्या भाषेत सांगायचं तर फॉरेनचं पॅकेज! आता कोणी राजीनामा दिला की कंपनी पगार वाढवून काउंटर ऑफर देते आणि माणूस थांबतो. बोल्टनने रशियाच्या पगारावर पगार लावला नाही. पार्लमेंटमध्ये खटपट करून पेटंटची मुदत १७८३ वरून थेट १८०० पर्यंत वाढवून घेतली गेली, आणि वॅटशी पंचवीस वर्षांची भागीदारी केली. खर्च सगळा बोल्टनचा, नफ्यातला एक तृतीयांश वॅटचा. वॅट रशियाला गेला नाही. मला वाटतं नोकरीला नोकरीने उत्तर दिलं असतं तर तो दोन वर्षांनी दुसरीकडे गेला असता. भागीदारीने त्याला थांबवलं.

मार्च १७७६ मध्ये ब्लूमफील्डच्या कोळसा खाणीवर त्यांचं इंजिन सुरू झालं. आता प्रश्न आला विकायचं कसं. गिऱ्हाईक म्हणणार, जुनं इंजिन चालतंय की, नवीन महागडं कशाला? यावर या दोघांनी जी शक्कल काढली ती आपल्या एम.बी.ए.वाल्या मित्रांनीही लिहून घ्यावी. इंजिनाचे भाग तुम्ही विकत घ्या, उभारणीचा खर्च तुम्ही करा, ड्रॉइंग आणि देखरेख आमची. त्याबद्दल आम्हाला काय? न्यूकमेनच्या इंजिनापेक्षा जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा तिसरा भाग दरवर्षी द्या. वाचलाच नाही तर देऊ नका! फटके मोजायला इंजिनावर एक काउंटर बसवला आणि तो कुलूपबंद पेटीत ठेवला.

कॉर्नवॉलच्या तांब्याच्या आणि कथलाच्या खाणींना हे फार सोयीचं पडलं, कारण तिथे कोळसाच नाही, तो जहाजाने आणावा लागे. १७७७ पासून तिथे वॅटची इंजिनं लागली. पण सोय जुनी झाली की ती दिसत नाही, फक्त बिल दिसतं. खाणमालक कुरकुरू लागले. वाचलेल्या कोळशाचा हिशेब नको, वर्षाला ठरावीक रक्कम घ्या, अशी त्यांची उलट मागणी आली. तांब्याचे भाव पडले की तीही कमी करा म्हणायचे. दर वेळी मिटिंग, वादावादी. वॅटला हे मुळीच झेपत नसे. त्याचं डोकं दुखायचं, जेवण जायचं नाही. सौदा करण्यापेक्षा भरलेल्या तोफेसमोर उभं राहणं परवडलं, अशा अर्थाचं त्याने एका ठिकाणी लिहूनच ठेवलं आहे! मग धावून जायचा बोल्टन. काही ठिकाणी ठरावीक रक्कम त्यांनी मान्य केली, आणि खाणींचे शेअर्सही घेतले. खाण बुडाली तर आपलाही पैसा बुडेल हे समोरच्याला दिसलं की बोलण्याचा सूर बदलतो.

सगळ्याच गोष्टी मात्र इतक्या गोड नाहीत. १७८० मध्ये जेम्स पिकार्डने क्रँकचं पेटंट घेतलं. आपली कल्पना कामगाराकडून फुटली असा वॅटचा समज होता. पिकार्डच्या बाजूने देवाणघेवाणीचं बोलणं आलं, क्रँक तुम्ही वापरा, कंडेन्सर आम्ही वापरतो. वॅटने साफ नकार दिला आणि काउंटर ऑफरही दिली नाही. त्याऐवजी १७८१ मध्ये चक्राकार गती मिळवण्याच्या पाच वेगळ्या रीतींचं पेटंट घेतलं. त्यातली एक म्हणजे आपण एपिसायक्लिक गिअरमध्ये शिकतो ती सन अँड प्लॅनेट. हातात दुसरा रस्ता असला की नाही म्हणता येतं, हे खरं. पण या ताठरपणाची दुसरी बाजूही आहे. १८०० पर्यंत दुसऱ्या कोणाला कंडेन्सर वापरून पुढे जाता आलं नाही. ज्यांनी वापरला त्यांच्यावर खटले झाले आणि ते १७९९ पर्यंत चालले. बोल्टनने ज्या दोघांना एकत्र आणलं तसं इथे कोणी आणलं असतं, तर इंजिन कदाचित लवकर सुधारलं असतं.

चक्राकार गतीचं इंजिन गिरण्यांना विकताना मात्र पुन्हा डोकं चाललं. गिरणीत आधी न्यूकमेनचं इंजिन नसायचं, घोडे असायचे. मग कोळशाची बचत कशाशी मोजणार? वॅटने घोड्याचंच माप काढलं. एका मिनिटात ३३,००० फूट-पाउंड काम म्हणजे एक हॉर्सपॉवर. फी दर हॉर्सपॉवरला वर्षाला पाच पौंड, लंडनमध्ये सहा. गिरणीवाल्याने आपले घोडे मोजायचे आणि हिशेब करायचा. आपण ज्या युनिटला शाळेपासून घोकतो ते मुळात गिऱ्हाइकाशी त्याच्या भाषेत बोलण्यासाठी जन्माला आलं, हे कोणी वर्गात सांगितलंच नाही!

१८०० मध्ये पेटंट संपलं, भागीदारीची पंचवीस वर्षं संपली आणि धंदा दोघांच्या मुलांकडे गेला. कोणाशी सौदा करायचा नाही म्हटल्यावर वॅटची तब्येतही सुधारली म्हणतात! घराच्या माळ्यावरच्या वर्कशॉपमध्ये तो पुतळ्यांच्या नकला करणारी मशीन्स बनवत राहिला. १८०९ मध्ये बोल्टन गेला, २५ ऑगस्ट १८१९ ला वॅट गेला. हँड्सवर्थच्या एकाच चर्चमध्ये दोघांना पुरलं आहे. १८८२ मध्ये शक्तीच्या एककाला वॅटचं नाव मिळालं. बोल्टनच्या नावाचं एकक नाही. पण २०११ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने पन्नास पौंडांच्या नोटेवर दोघांचे चेहरे शेजारी शेजारी छापले, ती नोट २०२२ पर्यंत चलनात होती. एकाच्या शोधाला दुसऱ्याच्या उलट बोलण्याची किती गरज होती, हे त्या नोटेवर नीट दिसतं.

आता आमच्याबद्दल. त्या काकांना आम्ही काय म्हणू शकलो असतो? आठाचे दहा करा, एवढंच मला तेव्हा सुचलं असतं, आणि तेही म्हणायचं धाडस झालं नसतं. आज वाटतं की त्यांच्याच शेडमध्ये भंगारात लोखंडी अँगल पडले होते, लेथ संध्याकाळी सहानंतर रिकामं असायचं. रोख आठच द्या, पण अँगल आणि लेथ वापरू द्या, असं म्हटलं असतं तर त्यांचा एक रुपया वाढला नसता आणि आमचे साडेतीन हजार वाचले असते. ते नाहीही म्हणाले असते, दुसरा ग्रुपही बघितला असता. तो धोका होताच. पण पॅसेजमध्ये आमच्याकडे दोनच मिनिटं नव्हती, आम्ही दोनच मिनिटं घेतली.

पुढच्या वर्षी आपण सगळे इंटरव्ह्यूच्या रांगेत असू. ऑफर लेटर हातात पडेल, सही करायला पेन पुढे येईल. सही जरूर करा, पण त्याआधी समोरच्याला नेमकं काय हवंय ते एकदा विचारून बघा. आणि तुमच्यात बोल्टन नसेल, माझ्यात नाहीच, तर एखादा मित्र गाठून ठेवा!

– टी. ई. मेकॅनिकल